एसी ‘टनात’ विकता, मग गार कापड कशात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अंग गार ठेवणाऱ्या कापडावर अर्धं पान लेख आला होता. अंतराळवीरांच्या हातमोज्यांतून निघालेलं तंत्रज्ञान, धाग्यात दडवलेलं मेण, अंग तापलं की ते वितळणार आणि उष्णता ओढून घेणार, असा एकूण मजकूर. लेखात चूक फारशी नव्हती. पण गिऱ्हाइकाला जे सांगायला हवं तेवढंच नेमकं राहून गेलं होतं. आमच्या घरातून त्यापायी 1,899 रुपये गेले आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबणार आहे. कात्री लावायची तर माझ्या गप्पांना लावा, हिशेबाला लावू नका.

मी इचलकरंजीत 31 वर्षं कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे रंगाई-धुलाईच्या कामात काढली. पॅडिंग मँगलवर, म्हणजे कापड रसायनात बुडवून पिळणाऱ्या यंत्रावर, हेल्पर म्हणून लागलो आणि प्रोसेसिंग मास्तर म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे कापडाच्या बाबतीत मला कोणी ‘जादू’ हा शब्द वापरला की आधी खिसा चाचपायची सवय आहे.

नात पुण्याला शिकते. माझ्या वाढदिवसाला तिने ऑनलाइन एक टी-शर्ट मागवून दिला. खोक्यावर निळ्या अक्षरांत ‘स्पेस टेक्नॉलॉजी’ आणि खाली ‘5 अंश गार’. कशापेक्षा 5 अंश? उघड्या अंगापेक्षा, सुती बनियनपेक्षा, की बाहेरच्या उन्हापेक्षा? खोकं उलटसुलट करून पाहिलं, कुठे काही नाही. आमच्या सौ.नी टी-शर्ट गालाला लावला आणि म्हणाल्या, “अहो, लागतोय खरा गार.” मी म्हटलं, “तुझी नायलॉनची साडीसुद्धा गालाला गार लागते.” त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते इथे लिहीत नाही. पोरीने प्रेमाने दिलेल्या वस्तूत खोट काढतो, हा त्यांचा आक्षेप. तो मान्य. पण खोट काढायचीच तर नीट काढावी.

हे मेणाचं प्रकरण समजायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. आपल्या घरात ते दर हिवाळ्यात घडतं. दिवाळीनंतर खोबरेलाची बाटली थिजते आणि आपण ती उन्हात ठेवतो. बाटली ऊन खात राहते, कडेने तेल सुटायला लागतं, तरी हाताला ती गारच लागते. शेवटचा पांढरा गोळा विरघळेपर्यंत ती तापायचं नाव घेत नाही, आणि तो विरघळला की मग भराभर तापते. वितळताना पोटात घेतलेल्या या उष्णतेला शाळेच्या पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात. एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी, हे आपण सगळ्यांनी घोकलंय. खोबरेल साधारण 24-25 अंशांना वितळतं. कापडासाठी जे मेण जास्त वापरतात ते ऑक्टाडेकेन नावाचं पॅराफिन, ते 28 अंशांना वितळतं आणि ग्रॅमला पन्नास-साठ कॅलरी पितं. आपल्या कातडीचं तापमान 33-34 च्या आसपास असतं. म्हणजे अंगाला लागलं की हे मेण वितळणार, हे ठरलेलं.

आता यात एक मेख आहे. मेण वितळत असताना तापमान एका जागी थांबतं. 28 ला वितळणारं मेण कापडात खरोखर असेल, तर कापड गारातून उष्णतेत आणताना थर्मामीटर 28 पाशी रेंगाळला पाहिजे. हे घरी तपासता येतं. माझ्याकडे डायहाउसमधला जुना काचेचा थर्मामीटर आहे, 110 अंशांपर्यंतचा, निवृत्तीच्या वेळी मागून घेतलेला. नवा टी-शर्ट आणि जवळपास तेवढ्याच वजनाचा माझा जुना सुती टी-शर्ट, दोन्ही सारख्याच घड्या घालून दोन तास फ्रीजमध्ये ठेवले. मग एकेक करून काढला, मधल्या घडीत थर्मामीटर खुपसला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून दर मिनिटाला आकडा लिहिला. ओट्यापाशी 35 अंश होतं. तिसऱ्या फेरीला प्लास्टिकच्या पिशवीत थिजवलेलं खोबरेल ठेवलं.

खोबरेलाने शब्द पाळला. चोविसाच्या आसपास पारा असा बसला की मी मधे चहा पिऊन आलो तरी तो तिथेच. आणि टी-शर्ट? 24, 26, 27, 28, 29. चढताना वेग जरा मंदावत गेला तो दोन्ही टी-शर्टांचा सारखाच, खोलीच्या जवळ येईल तसा तो मंदावतोच. पण 28 ला थांबा नाही. अवकाशातला टी-शर्ट आणि माझा सात वर्षं जुना सुती टी-शर्ट, दोघे खांद्याला खांदा लावून वर गेले. सौ. वही बघून म्हणाल्या, “मग गालाला गार कसा लागला?”

प्रश्न बरोबर होता, आणि सगळी गंमत तिथेच आहे. बाजारात ‘गार’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, हात लावताक्षणी गार लागणारं कापड. नायलॉन किंवा पॉलिएथिलीनचा गुळगुळीत धागा कातडीतली उष्णता पटकन ओढतो, फरशीवर पाय ठेवल्यासारखं वाटतं, आणि कापड अंगाच्या तापमानाला आलं की खेळ खलास. दुसरी, घाम पसरवून लवकर वाळवणारं कापड, खेळाडूंच्या जर्सीसारखं. ते चांगलं असतं, पण त्यात गार करतो तो तुमचाच घाम. तिसरी वस्तू म्हणजे हे मेण, ज्याला पुरवणीतल्या लेखात ‘फेज चेंज मटेरियल’ म्हटलं होतं. माझा टी-शर्ट पहिल्या जातीचा होता आणि नाव तिसऱ्याचं लावून आला होता. कंपनीला मेल केला, त्यात आकड्यांचा तक्ता जोडला. उत्तर आलं, ‘अनुभव व्यक्तीनुसार बदलू शकतो.’ व्यक्तीनुसार बदलेल हो, थर्मामीटरनुसार कसा बदलेल?

समजा टी-शर्टात खरोखर मेण असतं, तर काय झालं असतं? हे मी ऐकीव सांगत नाही. 2009 साली आमच्याकडे एका निर्यातदाराचं सॅम्पल आलं होतं. निळा प्लास्टिकचा कारबॉय, आत दुधासारखं पांढरं पाणी. त्या पाण्यात मेणाच्या अतिसूक्ष्म गोळ्या असतात, एकेक काही मायक्रॉनची, डोळ्याला न दिसणारी. आत मेण आणि बाहेर मेलामाइन-फॉर्मल्डिहाइड नावाच्या प्लास्टिकचं कवच. कवच नसेल तर वितळलेलं मेण कापडभर तेलकट डाग पाडील. ही गोळी बाइंडर, म्हणजे चिकटवणारं रसायन, घालून कापडावर चिकटवायची, म्हणजे मँगलमधून पिळायचं आणि स्टेंटर नावाच्या गरम हवेच्या यंत्रात वाळवून पक्कं करायचं.

मी पहिल्या दिवशी मँगलचा दाब रोजच्यासारखाच ठेवला. पहिले 30 मीटर वाया. कवचं फुटली आणि स्टेंटरच्या तोंडातून कापड आलं ते मेणबत्ती पुसलेल्या फडक्यासारखं. मालक माझ्याकडे बघत उभे. मग दाब उतरवला, पक्कं करायचं तापमान 150 अंशांच्या वर जाऊ दिलं नाही, टबात गोळ्या तळाला बसू नयेत म्हणून एक पोरगा लाकडी दांड्याने हळूहळू ढवळत बसवला. कापड निघालं. पण बाइंडर कमी केला की धुलाईत गोळ्या निघून जायच्या, आणि वाढवला की कापड पुठ्ठ्यासारखं कडक व्हायचं, तोंडाला लावून फुंकर मारली तर हवा पलीकडे जाईना. 100 ग्रॅम कापडावर दहा-बारा ग्रॅमच्या पुढे गोळ्या चढवायला गेलो की ते कापड मला स्वतःला अंगात घालवत नव्हतं. त्यात पार्टीने कवचातल्या फॉर्मल्डिहाइडचा रिपोर्ट मागितला. कापडातली घातक रसायनं तपासणाऱ्या ओएको-टेक्सच्या नियमांत कातडीला लागणाऱ्या कापडासाठी 75 पीपीएमची (दहा लाखांत 75 भाग) हद्द आहे, लहान मुलांच्या कपड्यांसाठी त्याहून फार कडक. सॅम्पल गेलं, ऑर्डर काही आली नाही. धागा काततानाच व्हिस्कोसच्या किंवा ॲक्रिलिकच्या पोटात गोळ्या भरण्याची पद्धतही आहे. ती धुण्याला टिकते, पण धाग्यात किती मेण मावणार यालाही हद्द आहेच.

आता हिशेब. टी-शर्टाचं वजन 180 ग्रॅम. त्यात उदारपणे 20 ग्रॅम मेण धरू. ग्रॅमला 200 ज्यूल धरले तर एकूण 4,000 ज्यूल. (कॅलरीला सुमारे 4.2 ज्यूल. वीज, एसी, इंजिन सगळं ज्यूलमध्ये चालतं म्हणून तेच घेतो.) स्वस्थ बसलेला माणूस सेकंदाला साधारण 100 ज्यूल उष्णता बाहेर टाकतो, जुन्या 100 वॅटच्या पिवळ्या बल्बएवढी. 4,000 भागिले 100 म्हणजे 40 सेकंद. मागावर उभा असलेला कामगार दुप्पट उष्णता टाकतो, त्याला वीसच सेकंद. अंगातली सगळी उष्णता काही टी-शर्टातून जात नाही, डोकं-हात-श्वास यांतूनही जाते, म्हणून प्रत्यक्षात गारवा काही मिनिटं जाणवेल. काही मिनिटं! आणि बाहेर 40 अंश असतील तर मेणाला दोन्हीकडून उष्णता, आतून अंगाची, बाहेरून उन्हाची.

याच्यासमोर घाम ठेवून बघा. एक ग्रॅम घाम कातडीवरून वाळताना सुमारे 580 कॅलरी घेऊन जातो, म्हणजे 2,400 ज्यूल. त्या 20 ग्रॅम मेणाचं सगळं काम अर्धा चमचा घाम करतो, तेही फुकट, आणि पुन्हा पुन्हा. विदर्भातला शेतकरी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळतो, खिडकीला वाळ्याचे पडदे लावतो, त्यामागे हाच हिशेब आहे. हवा कोरडी असेल तर ओल्या फडक्याची बरोबरी कोणतंही मेण करणार नाही. आणि मेण चिकटवायला आपण काय करतो? बाइंडरचा थर देतो, ज्याने घाम शोषणं आणि वारा खेळणं दोन्ही कमी होतं. रुपयातले बारा आणे घालवून एक आणा मिळवण्याचा उद्योग.

मग अंतराळवीर मूर्ख होते का? मुळीच नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत नासाच्या पैशातून नॉर्थ कॅरोलिनातल्या ट्रायँगल रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनने हे काम केलं, हातमोजे गरम-गारात सांभाळून राहावेत म्हणून. पुढे कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या आउटलास्ट कंपनीने ते बाजारात आणलं. अवकाशात उन्हात गेलं की हात भाजतो आणि सावलीत आला की गोठतो. उन्हात मेण वितळतं, सावलीत तेच मेण थिजताना घेतलेली उष्णता हाताला परत देतं. बर्फावर स्की करणाऱ्याचंही तसंच. घसरताना अंग तापतं, परत वर जाताना दोरावरच्या पाळण्यात बसला की थंडी वाजते. तिथे या मेणाला दिवसभर भरणं-रिकामं होणं चालू असतं. हे कापड म्हणजे रांजण आहे, झरा नाही. भरला की कोणीतरी उपसला पाहिजे. आपल्या मे महिन्यात तो उपसणार कोण? 28 ला वितळलेलं मेण परत थिजायला 28 च्या खाली जावं लागतं, बारीक गोळ्यांतलं तर आणखी दोन-चार अंश खाली. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा 28 च्या खाली येईलच असं नाही. सकाळी अंगात घालतानाच रांजण काठोकाठ भरलेला.

हे लिहिताना एक जुनी गोष्ट आठवली. रिॲक्टिव्ह रंग चढवायला आम्हाला ग्लॉबर सॉल्ट लागायचं, पोत्यांनी. मे महिन्यात गोदामातल्या पोत्यांखाली पाणी साचलेलं दिसायचं आणि स्टोअरकीपर म्हणायचा, “मास्तर, मिठाला घाम आला.” आम्ही शिव्या देत ती पोती सावलीत हलवायचो. ते मीठ 32 अंशांना वितळतं आणि ग्रॅममागे मेणाएवढीच उष्णता पोटात घेतं. गार जाकिटांच्या पाकिटांत अशी मिठंही भरतात. वर्षानुवर्षं माझ्या गोदामात टनावारी फेज चेंज मटेरियल पडलं होतं आणि मी त्याला गळकं मीठ म्हणत होतो.

जाकिटांचा विषय निघालाच आहे तर भाच्याचं सांगतो, कारण खरा उपयोग आणि खरा घोळ दोन्ही तिथे आहेत. तो कोल्हापूरजवळ एका फाउंड्रीत भट्टीपाशी काम करतो. गेल्या उन्हाळ्यात मालकांनी चांगल्या मनाने 40 कूलिंग जाकिटं आणली. जाकिटाला पुढे-मागे कप्पे, कप्प्यांत मेणाची चपटी पाकिटं, सगळी मिळून दोन किलो. टी-शर्टातलं वीस ग्रॅम कुठे आणि हे दोन किलो कुठे. इथे हिशेब जमतो. दोन किलोला 4 लाख ज्यूल. अंगातून आणि बाहेरून मिळून सेकंदाला 120 ज्यूल आत येतात असं धरलं तर तासाला थोडं कमी. तासभर गारवा, भट्टीपाशी ही थट्टा नाही. बर्फ अंगाला बांधला तर कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच राहते, 15 ते 28 अंशांच्या मेणाने ते फारसं होत नाही, हाही मुद्दा त्याच्या बाजूचा.

मे महिन्यात भाचा घरी आला तेव्हा मी हौसेने विचारलं. तो म्हणाला, “मामा, सकाळी लई झ्याक वाटतंय बघा. साडेआठला मेण पातळ हुतंय. मग सुट्टी हुईस्तोवर दोन किलो वज्जं घिऊन फिरायचं.”

“मग पाकिटं बदलत नाही?”

“कशात बदलायची? क्यान्टीनला एकच फ्रीज. त्यात दुधाच्या पिशव्या आन् सायबांचं ताक.”

जाकिटं 40, फ्रीज एक, आणि पाकिटांचा दुसरा जोड घेतलेलाच नाही. विकणाऱ्याने सांगितलं नाही, घेणाऱ्याने विचारलं नाही. रात्री पाकिटं रॅकवर टांगलेली असायची, शेडमध्ये, पत्र्याखाली. दोन आठवड्यांनी पोरांनी जाकिटं काढून ठेवली आणि पुन्हा गळ्यात ओला टॉवेल टाकला. त्यांचं काय चुकलं? पातळ मेणाचं जाकीट म्हणजे उन्हाळ्यात घातलेली गोधडी. वर घामही वाळू देत नाही.

ते मेण परत थिजवायचा खर्च ऐका. 4 लाख ज्यूल म्हणजे विजेच्या भाषेत 0.11 युनिट उष्णता. फ्रीज ती काढायला त्याहूनही कमी वीज खातो. बर्फाच्या पाण्याच्या बादलीत पाकिटं बुडवली तर सव्वा किलो बर्फात एका जाकिटाचं काम होतं, अर्ध्या तासात. म्हणजे महाग आहे ते जाकीट, त्याला रोज जिवंत ठेवणं स्वस्त आहे. फक्त एक डीप फ्रीझर, पाकिटांचा दुसरा जोड आणि दर तासाला बदली करून देणारा एक माणूस लागतो.

भाच्याला मी आणखी एक विचारलं, मेण कसलं आहे? त्याला ठाऊक नव्हतं, पाकिटावरही लिहिलेलं नव्हतं. पॅराफिन पेटतं. भट्टीपाशी, वितळलेला धातू ओतायच्या लॅडलमधून ठिणग्या उडतात तिथे, छातीवर दोन किलो पॅराफिन बांधून माणूस उभा करायचा आणि त्यावरचं कापड न पेटणारं आहे की नाही हे कोणालाच माहीत नसायचं, हे वाचून तरी अंगावर काटा यावा. ग्लॉबर सॉल्टसारखं मीठ पेटत नाही, पण ते वारंवार वितळून-थिजून फुटतं, तळाला बसतं, वर्षभरात गारवा कमी होतो. कोणता माल कुठे चालेल हे नावावाचून कळायचं कसं?

कुठे चालतं, हेही सांगतो, नाहीतर म्हातारा नुसता कुरकुरतो असं व्हायचं. कोल्ड स्टोरेजमध्ये आत-बाहेर करणारा हमाल, एसी गाडीतून उतरून पार्सल पोहोचवून परत गाडीत बसणारा पोरगा, यांच्याकडे रांजण उपसायची सोय आपोआप आहे. करोनात पीपीई किटमध्ये ज्या नर्सबाई सहा-सहा तास उभ्या राहिल्या त्यांचा घाम वाळायला जागाच नव्हती, तिथे मेणाचं जाकीट खरं कामाचं. आणि सगळ्यात शहाणा उपयोग मला वाटतो तो उलट्या दिशेचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेली आणि बंगळूरूहून आपल्या देशात आलेली ‘एम्ब्रेस’ नावाची पिशवी आहे, कमी वजनाच्या नवजात बाळासाठी. तिच्या पाठीशी 37 अंशांच्या आसपासचं मेण. हीटरवर मेण वितळवून घ्यायचं, बाळाला पिशवीत ठेवायचं, मेण थिजत जाईल तसं चार-सहा तास 37 अंशांची ऊब देतं. किती अंश, किती तास, संपलं की काय करायचं, हे तिथे वापरणाऱ्या नर्सला पाठ असतं. तेच मेण, तोच अप्रकट उष्मा. तिथे आकडे सांगून वापरतात, इथे निळी अक्षरं छापून विकतात.

म्हणून मागणी एकच. ‘गार’ म्हणून कापड किंवा जाकीट विकणाऱ्याने त्यावर दोन आकडे छापावेत. मेण किती अंशांना वितळतं, आणि त्या नगात मिळून किती किलोज्यूल मावतात, तेही वीस धुलाईनंतर. हे मोजायला नवा शोध लावायचा नाही. डीएससी नावाच्या यंत्रात चिमटीभर नमुना टाकला की एकाच आलेखात दोन्ही आकडे येतात. जाकिटावर मेणाची जात आणि ते परत थिजवायची रीतही हवी. कापडाचा जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) सांगतो, धाग्याचा काउंट (किती बारीक) सांगतो, मग हे सांगायला काय होतं? मेण नसेल तर ‘स्पर्शाला गार’ एवढंच म्हणा, त्यात लाज कसली. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची तरतूद आहेच, पण आकडा छापायची सक्ती नसेल तर दिशाभूल सिद्ध कशी करायची? माझ्यासारखा रिकामटेकडा फ्रीज अडवून बसेल तेव्हाच.

आणि आकड्याने गारवा मोजायची आपल्याला सवय नाही असंही नाही. दुकानात जाऊन आपण ‘दीड टनाचा एसी’ मागतो. हा टन एसीच्या वजनाचा नसतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेईल तेवढी एक टनाचा एसी काढतो, असा त्याचा अर्थ. बर्फाच्या लाद्या विकायचे त्या काळातलं माप, साधारण साडेतीन किलोवॅट. म्हणजे घरोघरी भिंतीवर वितळत्या बर्फाचा आकडा टांगलेला आहे. त्याच वितळण्याच्या जोरावर विकल्या जाणाऱ्या कापडावर मात्र ‘5 अंश गार’ लिहून भागतं.

टी-शर्टाचे पैसे परत मिळाले नाहीत. नातीला मी प्रयोगाचं काही सांगितलेलं नाही, तिने हे वाचलं तर तिने समजून घ्यावं, कापड अंगाला बरं आहे आणि मी तो घालतो. भाच्याच्या मालकांना मात्र हा सगळा हिशेब वहीच्या पानावर लिहून पाठवला होता. त्यांनी मनावर घेतलं. गेल्या आठवड्यात फाउंड्रीत एका आइस्क्रीमवाल्याकडून जुना डीप फ्रीझर आला, पाकिटांचा दुसरा जोडही मागवला आहे. आता अडचण अशी की फ्रीझरला कुलूप आहे, किल्ली ऑफिसात असते. ऑफिस दहाला उघडतं, आणि भाच्याची पाळी सातला लागते.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रोसेसिंग मास्तर,
इचलकरंजी